प्लग सगळ्यात शेवटी

नवतपा लागायला चार दिवस होते. दुपारी तीनच्या उन्हात पिकअपला टोचन करून एक पांढरी सेदान माझ्या दुकानासमोर येऊन थांबली. मालक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, आर्वीकडच्या संत्र्याच्या बागायतदाराचा पोरगा. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बारा स्पार्क प्लग. तीन वेगवेगळे संच.

"काका, यातले कोणते टाकू तेवढं सांगा. बाकी सारं झालेलं हाय."

तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो आहे. ज्या गाडीबद्दल 'बाकी सारं झालेलं आहे' असं ऐकलं, तिथं बहुतेक वेळा बाकीचंच निस्तरावं लागलं. याही वेळी तेच झालं. फक्त इथं चुका एकावर एक अशा चार होत्या आणि प्रत्येक चूक पुढचीला झाकून बसली होती. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आधी गाडी. 2000 सालच्या आसपासची, 1.5 लिटर, 4 सिलिंडर, 16 व्हॉल्व्ह, पुढच्या चाकांवर ओढणारी. कंपनीतून निघाली तेव्हा शंभराच्या घरात अश्वशक्ती. आता तिला टर्बो, म्हणजे इंजिनात दाबानं हवा कोंबणारा पंखा, लावला होता, 7 पीएसआय बूस्टवर (बूस्ट म्हणजे हा जादा दाब). इंधन आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) सांभाळायला बाहेरचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, त्यातली नोंद लॅपटॉपवर दिसते. ताकद दीडशेच्या आसपास झाली असावी असा मालकाचा अंदाज. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, गाडी कधी चढली नव्हती. इग्निशन मात्र मूळचं. डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या पोटातच कॉइल आणि तिचा करंट चालू-बंद करणारा इग्नायटर, वर कॅप, आत रोटर, तिथून चार प्लग वायरी.

पावसाळ्यानंतर एका खाजगी धावपट्टीवर भरणाऱ्या चौथाई मैलाच्या, म्हणजे 402 मीटरच्या ड्रॅग शर्यतीत त्याला उतरायचं होतं. ड्रॅग म्हणजे काय हे आपल्या भागात समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या माणसाला ते लगेच कळतं. सरळ रेघ, उभ्या जागेवरून सुटायचं, वळण नाही, घड्याळ सांगेल तो निकाल. या पोराच्या आबाजींची पटाची जोडी होती. 2014 साली सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पट बंद पडले तेव्हा त्यांनी ती विकली. मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य करून शर्यतींचा रस्ता कायमचा मोकळा केला, तोवर आबाजींचे गुडघे गेले होते. नातवाच्या गाडीत ते जो जीव अडकवतात त्याचं मूळ तिथं आहे. पुढं या प्रकरणात त्यांचं एक वाक्य फार कामी आलं.

तक्रार अशी होती. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी छान. तिसऱ्यात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर 5500 आरपीएमच्या पुढं मिसिंग (मधेच ठिणगी चुकणं), भिजलेल्या फटाक्यांची लड वाजावी तसा आवाज, मागून काळा धूर. सकाळी सहाला कमी, दुपारी जास्त. त्या दिवशी तर प्लग इतके भिजले की गाडी चालूच होईना.

पिशवीतला पहिला संच गाडीतूनच काढलेला. इरिडियम, एनजीके कंपनीचा 6 नंबर, गॅप (ठिणगीची फट) 1.1 मिलिमीटर, डब्यातून काढून जसाच्या तसा बसवलेला. दुसरा 9 नंबरचा, रेझिस्टर नसलेला, बाइकवाल्या मित्रानं दिलेला. तिसरा तीन टोकांचा, ऑनलाइन मागवलेला. तीन टोकं असली तरी ठिणगी एका वेळी एकाच टोकावर उडते. जास्त टोकांनी प्लगचं आयुष्य वाढतं, गाडीची ताकद वाढत नाही. तो संच मी तिथंच बाजूला ठेवला.

मी त्याला विचारलं, "भाऊ, मिसिंग आलं तेव्हा पहिलं काय केलं?"

"प्लग बदलले."

"अन् मंग?"

"मंग अजून महागाचे टाकले."

यात त्याची एकट्याची चूक नाही. प्लग हा इंजिनचा एकच भाग असा आहे, जो एका पान्यानं हातात येतो. म्हणून बदलायलाही तोच सुचतो. पण करंट प्लग तयार करत नाही, कॉइल करते. प्लगचं काम दोनच गोष्टींचं: मिळालेला करंट नेमक्या फटीत उडवायचा, आणि स्वतःच्या टोकाला साचणारी उष्णता ठरल्या गतीनं हेडमध्ये सोडायची. पहिल्यासाठी गॅप, दुसऱ्यासाठी हीट रेंजचा नंबर. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि निम्मा गोंधळ त्या एक समजण्यातून होतो.

प्लग भिंगाखाली पाहिले. चारही कोरड्या काजळीनं काळे, 3 नंबरच्या सिलिंडरचा पेट्रोलनं ओला. काळेपणाचं कारण लगेच सापडलं. मिसिंगला 'पेट्रोल कमी पडतं' असं समजून ट्यूनिंगवाल्यानं इंधन वाढवून ठेवलं होतं. आता काजळी म्हणजे कार्बन, त्यातून करंट वाहतो. प्लगच्या चिनीमातीवर तिचा थर बसला की करंटला फट ओलांडायची गरजच उरत नाही, तो काजळीवरून सरपटत बॉडीला जातो. म्हणजे औषधानंच रोग वाढवला होता. इंधनाचा नकाशा पूर्वीच्या नोंदीवर परत आणला आणि त्याला म्हटलं, आता आठवडाभर या पिशवीला हात लावायचा नाही.

मग कागदावर थोडा हिशोब केला. तो इथं देतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

1889 साली पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं की वायूत ठिणगी पडायला लागणारं व्होल्टेज हे वायूचा दाब आणि फटीचं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. इंजिनातल्या दाबांना तो संबंध जवळजवळ सरळ प्रमाणात धरता येतो. बिनटर्बोची गाडी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर साधारण 1 बार हवा ओढते. 7 पीएसआय म्हणजे वर जवळपास अर्धा बार, एकूण दीड. गॅप 1.1 असेल तर कॉइलवरचा भार 1.1 गुणिले 1.5, म्हणजे 1.65. हीच गॅप 0.7 केली तर 1.05, म्हणजे टर्बो लावण्याआधी 1.1 च्या गॅपला जेवढा भार होता, जवळपास तेवढाच. कंपनीनं कॉइल त्या भारासाठी दिली होती. या पोरानं तिच्याकडून दीडपट काम मागितलं, आणि मागितलं हे त्याला माहीतही नव्हतं.

दुसरी बाजू वेळेची. चार स्ट्रोकच्या चार सिलिंडरमध्ये दर फेऱ्याला दोन ठिणग्या. 7000 आरपीएमला मिनिटाला 14,000, म्हणजे सेकंदाला 233. एकच कॉइल सगळ्या सिलिंडरला पुरवते म्हटल्यावर दोन ठिणग्यांमध्ये तिला मिळतात 4.3 मिलिसेकंद. त्यातला एक-दीड मिलिसेकंद ठिणगी जळण्यात जातो. उरलेल्या वेळात पुन्हा भरायचं. 3000 आरपीएमला हीच कॉइल निवांत असते, म्हणून गावात फिरताना गाडी ठीक वाटते.

मी ठरवलेला नियम एकच: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी. चाचणीची जागा शोधणं सोपं नव्हतं. समृद्धी महामार्ग जवळून जातो, आणि पोरांची नजर तिकडंच असते. मी साफ नाही म्हटलं. सार्वजनिक रस्त्यावर हे काम करणाऱ्याच्या गाडीला मी हात लावत नाही. शेवटी त्याच्या मामाचं एक न विकलेलं ले-आउट मिळालं. आत साडेसहाशे मीटरचा सरळ सिमेंट रस्ता, दोन्ही टोकांना फाटक, माणूस-जनावर नाही. धाव अडीचशे मीटरला संपवायची, पुढचं अंतर ब्रेकसाठी. पहाटे साडेपाचला, आणि ताप पाहायचा असेल तेव्हा दुपारी.

पहिला बदल: तेच इरिडियम साफ करून गॅप 0.7. इरिडियमची मधली तार 0.6 मिलिमीटरची, ठिसूळ. तिच्यावर टेकवून पकडीनं दाबलं की टोक तुटतं. बाहेरचं टोकच हळू वाकवायचं, आणि माप फिलरच्या पत्तीनं नव्हे तर तारेच्या गेजनं घ्यायचं. परिणाम: मिसिंग 5500 वरून 6200 वर सरकलं. गेलं नाही. पण सरकलं याचा अर्थ वाट बरोबर होती.

दुसरा बदल करण्याआधी मीटर लावला. ईसीयूच्या नोंदीत तिसऱ्या गिअरला 11.6 व्होल्ट दिसत होते. मी वेगळी तार ओढून थेट कॉइलच्या पिनवर किमान व्होल्टेज धरून ठेवणारा मीटर लावला: 11.2. चालत्या गाडीत तिथं 14 च्या आसपास असायला हवेत. चौकशी केली तर अल्टरनेटरचा पट्टाच काढलेला! 'तेवढीच ताकद वाचते' म्हणून. आणि बॅटरी डिक्कीत.

आता 11.2 भागिले 14 म्हणजे 0.8. ठरावीक वेळात कॉइलमध्ये भरणारा करंट व्होल्टेजच्या प्रमाणात, आणि साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गात. 0.8 चा वर्ग 0.64. म्हणजे शर्यतीच्या ऐन क्षणी कॉइल एक तृतीयांश ऊर्जा गमावून उभी होती. पट्टा काढून जी काही ताकद वाचली ती मिसिंगनं दामदुपटीनं वसूल केली. शिवाय व्होल्टेज पडलं की पेट्रोलचा पंप मंदावतो आणि इंजेक्टर उशिरा उघडतो. टर्बोच्या गाडीत बूस्टवर पेट्रोल कमी पडणं म्हणजे पिस्टनचं मरण. या पोराचं इंजिन वाचलं ते बहुधा त्या चुकीच्या जास्तीच्या इंधनामुळंच.

मोठ्या ड्रॅग गाड्या अल्टरनेटरशिवाय धावतात हे खरं आहे. पण त्या दोन धावांच्या मध्ये चार्जर लावतात, आणि कित्येक 16 व्होल्टची बॅटरी वापरतात. व्हिडिओत पट्टा काढलेला दिसतो, चार्जर दिसत नाही.

बॅटरीचं काय करायचं यावर आमचं एकमत होईना. तो म्हणे, सगळे रेसर डिक्कीतच ठेवतात. तांब्याची जाड केबल टाकून, अर्थिंग रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर घेऊन व्होल्टेज सुधारता आलं असतं, हे मलाही मान्य होतं. एका पहाटे आबाजी ले-आउटवर आले. खुर्ची टाकून बसले, दोन धावा पाहिल्या. सुटताना पुढची चाकं जागच्या जागी फिरत होती, सिमेंटवर धूर.

"डिक्कीत काय ठेवलं बे?" त्यांनी नातवाला विचारलं.

"बॅटरी, आबाजी."

"म्हणजे उलाळ केली ना तू गाडी. ओढणारे पुढं, अन् वजन मांगं. जोडीच्या मानेवर भारच नाही तं पाय कायचे रुतन?"

यावर माझ्याकडं भर घालायला काही नव्हतं. मागच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत बॅटरी मागं नेतात ती चाकांवर भार यावा म्हणून. पुढच्या चाकांच्या गाडीनं तीच नक्कल केली की तिच्या ओढणाऱ्या चाकांवरचं पंधरा किलो वजन उचललं जातं. बॅटरी पुढं मूळच्या जागी आली. केबल चार मीटरची अर्धा मीटर झाली. इंजिनपासून बॉडीपर्यंत आणि हेडपासून बॅटरीपर्यंत दोन नव्या वेणीदार अर्थिंगच्या पट्ट्या घातल्या. पट्टा चढवला. कॉइलवर आता 13.7 व्होल्ट. मिसिंग पहाटे जवळजवळ गायब, 6900 ला एखादा ठोका.

दुपारी मात्र पुन्हा 6400.

याचं उत्तर अर्धं उन्हात, अर्धं डेल्कोच्या आत. तांब्याचा विरोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्के वाढतो. कॉइल सकाळच्या पंचवीस-तीस अंशांवरून बोनेटखालच्या नव्वदवर गेली की तिचा विरोध पाव भागानं वाढतो आणि भरणारा करंट घटतो. मीटरवर कॉइलचं प्रायमरी थंड असताना 0.7 ओहम, तापल्यावर 0.9 च्या जरा खाली आलं. (इतका छोटा विरोध मोजताना आधी मीटरच्या दोन वायरी एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा वजा करायचा, नाहीतर चांगली कॉइल भंगारात जाते.) याला इलाज नाही, हा धातूचा स्वभाव आहे. पण इग्नायटर उघडला तर त्याच्या पाठीला लावायची उष्णता वाहणारी पेस्ट वाळून खडू झालेली. तो आपली उष्णता डेल्कोच्या बॉडीला देतच नव्हता. खरवडून नवी पेस्ट लावली, आणि टर्बोच्या बाजूनं डेल्कोला पत्र्याचा आडोसा केला. वीस मिनिटांचं काम. आपल्याकडं पंचेचाळीसच्या वर पारा जातो तेव्हा जुन्या गाड्या भर रस्त्यात बंद पडतात आणि संध्याकाळी आपोआप चालू होतात, त्यातल्या बऱ्याच याच पेस्टच्या असतात.

दुपारचा फरक बराच मिटला. तरी अधूनमधून एक विचित्र गोष्ट व्हायची: इंजिन क्षणभर पूर्णच मरायचं, एक सिलिंडर नव्हे, चारही. ईसीयूच्या नोंदीत त्या क्षणी ट्रिगरची चूक. म्हणजे क्रँकचा सेन्सर काय सांगतो ते ईसीयूला ऐकूच येत नव्हतं.

प्लग वायरी पाहिल्या. लाल, जाड, सुंदर. आत नुसत्या तांब्याच्या तारा. 'रेझिस्टन्स कमी तर करंट जास्त' असं सांगून कोणीतरी विकलेल्या. ठिणगी म्हणजे क्षणार्धात उसळणारा करंट, आणि असा करंट साध्या तांब्यातून गेला की ती तार रेडिओच्या एरियलसारखी वागते. जुन्या प्लॅटिनम पॉइंटच्या गाडीत त्यानं फक्त रेडिओ खरखरायचा. ईसीयूच्या गाडीत तो आवाज सेन्सरच्या तारेत शिरतो. म्हणून आधुनिक प्लगमध्ये सुमारे 5,000 ओहमचा रेझिस्टर असतो आणि वायरींत कार्बनचा धागा किंवा गुंडाळलेली बारीक तार. ठिणगी पडायच्या आधी करंट नगण्य असतो, त्यामुळं या रेझिस्टरनं उडीचं व्होल्टेज कमी होत नाही. ताकद जाते हा गैरसमज आहे.

रात्री नऊला दुकानातले दिवे घालवले, बोनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून नव्या हातफवाऱ्यानं वायरींवर साध्या पाण्याचं धुकं मारलं. (कपाशीवर औषध मारलेला पंप याला वापरायचा नाही, आणि फवारताना दुसरा हात गाडीवर ठेवायचा नाही, झटका बसतो.) 3 नंबरची वायर जिथं टर्बोच्या पाइपाजवळून जात होती तिथं निळी रेघ टिकटिक करत पाइपावर उडताना दिसली. वायरचं कवच उष्णतेनं चिरलेलं. ओला निघालेला प्लग 3 नंबरचाच होता, हे आठवत असेल. इतक्या दिवसांत बूस्टचा, व्होल्टेजचा आणि उन्हाचा गोंधळ एवढा होता की ही साधी गळती मधेच दडून राहिली.

गुंडाळलेल्या तारेच्या, रेझिस्टन्सवाल्या वायरी आणल्या, पाइपापासून दूर क्लिपात बसवल्या. कॅपच्या आतली पितळी टोकं पांढरट झाली होती, रोटरचं टोक झिजलेलं, दोन्ही नवीन. इथं घासून-पुसून चालवायचं नाही. रोटर ते कॅप ही सुद्धा एक फटच आहे, आणि ती झिजून वाढली की तिचाही भार कॉइलवरच येतो. सेन्सरची तार प्लग वायरींपासून वेगळ्या मार्गानं नेली. ट्रिगरची चूक शून्य. मिसिंग 7200 च्या लिमिटरपर्यंत नाही, दुपारीही नाही.

पोरगा खुश. गाडी घेऊन निघाला होता. मी चावी काढून घेतली. कारण खरं प्लगचं काम आता सुरू होणार होतं.

आजवर हे इंजिन बूस्टवर नीट जळतच नव्हतं. अर्धवट जळणारं इंजिन थंड असतं, त्यामुळं 6 नंबरचा प्लग पुरतो की नाही हे आधी कळायला मार्गच नव्हता. आता चारही सिलिंडर प्रत्येक वेळी पेटणार, म्हणजे प्लगच्या टोकावर पहिल्यांदाच खरी आच येणार.

हीट रेंज समजायला प्लगचं नाक पाहावं. मधली चिनीमाती लांब असेल तर उष्णतेला हेडपर्यंत जायला लांबचा रस्ता, प्लग गरम राहतो. आखूड असेल तर थंड. टोक साधारण 450 ते 500 अंशांच्या वर असेल तर काजळी आपोआप जळून जाते. 800-850 च्या पुढं गेलं तर ठिणगीआधीच ते निखाऱ्यासारखं मिश्रण पेटवतं, आणि मग पिस्टनला भोक. नंबरांचा घोळ ध्यानात ठेवायचा: एनजीके आणि डेन्सोत नंबर वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नंबर वाढला की गरम. एनजीकेचा 6 म्हणजे डेन्सोचा 20, आणि 7 म्हणजे 22. 'एक नंबर वर टाक' हा सल्ला कंपनी विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि थंड प्लगनं ताकद वाढते असंही नाही. तो फक्त वाढलेली आच सोसतो.

एनजीके सांगते त्या ढोबळ मापानं दर 75 ते 100 अश्वशक्तीला एक पायरी थंड. इथं वाढ पन्नासेक, म्हणजे 6 आणि 7 च्या मधे कुठंतरी. अशा वेळी माप बाजूला ठेवून प्लगलाच विचारायचं. नवे 6 नंबरचे प्लग, एक पूर्ण धाव, शेवटी क्लच दाबून इग्निशन तिथंच बंद, गाडी घरंगळत थांबवायची, आणि जागेवरच प्लग काढायचे. मंद गतीत चालवत दुकानापर्यंत आणले की प्लग दुकानाची गोष्ट सांगतो, शर्यतीची नाही.

बाहेरच्या टोकावरचा, म्हणजे वाकवलेल्या पट्टीवरचा, रंग बदलण्याचा पट्टा पाहिला. तो वळणाच्या मध्यावर असावा. इथं तो पार चुडीच्या, म्हणजे आट्यांच्या, जवळ सरकलेला. पट्टी गरजेपेक्षा जास्त तापत होती. आणि 2 नंबरच्या सिलिंडरमधल्या प्लगच्या चिनीमातीवर मिरीच्या पुडीसारखे तीन-चार चमकते ठिपके. हे अ‍ॅल्युमिनियमचे कण. पिस्टन नॉकिंगनं, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांनी, झिजायला सुरुवात झाल्याची ही चिठ्ठी. टायमिंग बूस्टवर 2 अंश मागं घेतलं, आणि प्लग 7 नंबरचे.

कोणते 7? त्याला पुन्हा इरिडियम हवे होते. मी साधे निकेलचे घ्यायला लावले: बीकेआर7ई. यात बीके म्हणजे 14 मिलिमीटरचे आटे आणि 16 चा पाना, आर म्हणजे रेझिस्टर, 7 ही हीट रेंज, ई म्हणजे 19 मिलिमीटर लांबी. ही लांबी चुकली तर प्लग पिस्टनला भेटतो किंवा आट्यांवर कार्बन बसतो. बाजारात यांना कॉपर प्लग म्हणतात, पण तांबं आतल्या गाभ्यात असतं, टोक निकेलच्या मिश्रधातूचं. इरिडियमचे दोन फायदे खरे आहेत. बारीक टोकाला ठिणगीसाठी व्होल्टेज कमी लागतं आणि ते हजारो किलोमीटर झिजत नाही. कॉइल अजून अपुरी असती तर मी इरिडियमच घेतले असते. पण आता करंट पुरेसा होता, आणि दर दोन-तीन धावांनी प्लग काढून वाचायचे, वाटलं तर बदलायचे. इरिडियमच्या एका संचाच्या पैशात साध्याचे तीन-चार संच येतात. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल गाड्यांत तर दर सिलिंडरला दोन, असे सोळा प्लग असतात आणि धाव संपेपर्यंत त्यांची टोकं जळून गेलेली असतात. ते दर धावेला बदलतात. तिथं आयुष्याचा हिशोब कोण करतो?

प्लग घेताना नकली माल तपासला. असली प्लगचे आटे गुळगुळीत, वॉशर बोटांनी फिरवून सहज निघत नाही. बसवताना अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला 25 ते 30 न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर हातानं वॉशर टेकेपर्यंत, मग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आट्यांना ग्रीस नाही. ग्रीसनं पाना खोटं बोलतो आणि आटे ओढले जातात.

सीडीआयचा डबा बसवू का, हेही त्यानं विचारलं होतं. सीडीआय कपॅसिटरमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट भरून कॉइलला एकदम झटका देतो, म्हणून जास्त आरपीएमला तो थकत नाही. पण त्याची ठिणगी फार थोडा वेळ टिकते, आणि ज्या डब्यांची 'मल्टिपल स्पार्क' म्हणून जाहिरात होते त्यातल्या एमएसडी कंपनीच्या 6ए प्रकारात एकापेक्षा जास्त ठिणग्या मिळतात त्या साधारण 3000 आरपीएमपर्यंतच. पुढं एकच. 7 पीएसआयला तो खर्च नको होता. पुढच्या वर्षी बूस्ट वाढवायचा असेल तर माझं मत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइलकडं आहे. 7000 ला त्या प्रत्येक कॉइलला दोन ठिणग्यांमध्ये 4.3 ऐवजी 17 मिलिसेकंद मिळतात, आणि कॅप, रोटर, वायरी ही सगळी भानगड संपते.

शेवटची चाचणी रोहिण्या सरून पहिला पाऊस पडल्यावर झाली. 7 नंबर, गॅप 0.7, पट्टीवरचा रंग वळणाच्या मध्यावर, ठिपके नाहीत. शर्यतीला मी गेलो नाही, सोयाबीनच्या मळणीच्या हंगामात थ्रेशर आणि ट्रॅक्टरवाले दुकान सोडू देत नाहीत. त्यानं फोन केला: पहिली धाव 15.4 सेकंद, दुसरी 15.1, मिसिंग नाही. गटात पाचवा. आबाजींनी फोन घेऊन चाकं फिरली का एवढंच विचारलं.

दिवाळीनंतर गाडी पुन्हा दुकानात आली. बाजाराच्या दिवशी गावात दोनच किलोमीटर फिरवली की चालू होताना त्रास देते, थरथरते. प्लग काढले तर काळे. 7 नंबरचं टोक गावातल्या चालीला 450 अंशांपर्यंत पोचतच नाही, काजळी जळत नाही. पिशवीतले पहिले इरिडियम, 6 नंबर, गॅप 0.7 केलेले, माझ्याकडंच पडून होते. ते घातले, आणि बूस्ट वापरायचा नाही असं बजावून त्याच्याकडून ईसीयूत 5000 चा लिमिटर टाकून घेतला. साधे 7 नंबरचे दोन संच, तारेचा गेज आणि 16 चा पाना एका डब्यात भरून दिला. डिक्कीत बॅटरीची जागा रिकामीच होती, तो डबा त्यानं तिथं बांधून ठेवला आहे.